पडद्याबाहेर चतुराबाई

आमच्या राजापेठेतल्या बचत गटाचा एक नियम आहे. कर्ज मागणारीनं बैठकीतून उठून बाहेर बसायचं, आणि आत सगळ्यांचे हात वर झाले तरच कर्ज. एक हात जरी खाली राहिला तरी नाही. बाहेर म्हणजे माझ्या ओसरीवर, चपलांपाशी. मधे नुसता पडदा.

त्या दिवशी बाहेर चतुराबाई होती. वीस वर्षं ती लग्नाकार्यात दुसऱ्यांच्या भट्टीवर रोजीनं लंबी रोटी करतेय. ढिलं पीठ दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायचं नि उपड्या मडक्यावर टाकायचं. तिची रोटी कधी फाटलेली पाहिली नाही. आता शेंदूरजनाघाटच्या एका लग्नाचं काम पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावावर आलं होतं. भट्टी, पराती, मडकी, सगळं घ्यायला वीस हजार हवे होते. नाहीतर संध्याकाळी फोन करून काम सोडायचं.

आठ हात वर झाले. नववा कौशल्याचा, तो मांडीवरच.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी चपलांपाशी कौशल्या बसली होती, मिरची दळायच्या चक्कीसाठी, आणि हात खाली ठेवला होता चतुराबाईनं. हिचा नवरा पैसे उडवील, म्हणाली. कौशल्यानं बाहेरून महाग व्याजानं पैसे काढले, चक्की घेतली आणि फेडूनही टाकले. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद.

"वैनी, तिले विचारा," कौशल्या मला म्हणाली, पण पडद्यापलीकडे जाईल अशा आवाजात. "पाचशे मानसाचं पीठ कोन मळनार हाय?"

बाहेरून उत्तर आलं, "वैनी, तिले सांगा, मी एकलीच मळीन."

"मंग रोटी ताणाले हातात जीव राहीन का? सांगा तिले, मी येतो मळाले. रोजी घीन, फुकट नाई."

मी निरोपासाठी तोंड उघडेपर्यंत पडद्यातून चतुराबाईचं डोकंच आत आलं. या खेपेला तिनं मला मधे घेतलं नाही.

"रोजी दीन. पन पीठ ढिलं पायजे."

"मले शिकवू नको," कौशल्या म्हणाली.

चतुराबाईला मी आधी बाहेर घालवलं; नियम तो नियम. मग हात मोजले. नऊ.