कासमभाईंच्या कुंडीतली फुलं

जैनबभाभींनी दार वाजवलं तेव्हा मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. "बाई, हे उठत नायत," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही दोघी समोरच्या घरात धावलो. कासमभाई कुशीवर निजले होते, रोजच्यासारखे... आणि मला त्या क्षणी काय आठवावं, तर गच्चीवरची कुंडी! यांना सांगायचं राहूनच गेलं, असं मनात आलं आणि स्वतःचाच संताप आला. माणूस गेलाय, आणि ही बया कुंडीचा विचार करतेय. दोन महिने होत आले, डोक्यातला गोंधळ काही निवळत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

पनवेलच्या या इमारतीत आम्ही वीस वर्षं समोरासमोर राहिलो. मी शाळेत शिकवायचे म्हणून ते मला बाई म्हणत, वयाने दहा वर्षांनी मोठे असूनही. तरुणपणी ते जहाजावर खलाशी होते. घरी बसल्यावर त्यांनी गच्चीवर मोगरा लावला, कढीपत्ता लावला आणि कुठून बुद्धी झाली कोण जाणे, फ्लॉक्स लावला. फ्लॉक्स म्हटलं की आपल्याला आठवतो तो थंडीत नर्सरीत मिळणारा, वीतभर उंचीचा, एका हंगामात फुलून संपणारा. यांचा तो नव्हे. यांचा कमरेएवढा वाढणारा, कडक थंडीत वरून पार वाळणारा आणि जमिनीखालच्या गड्ड्यातून वर्षानुवर्षं पुन्हा फुटणारा. हिमाचलातून पार्सलने मागवलेला. थंड मुलखातलं झाड आमच्या उकाड्यात काय फुलणार? सहा वर्षांत एक कळी नाही. हेच झाड कशाला हवं, असं विचारलं की दर वेळी नवं उत्तर. कधी म्हणत, परदेशातल्या एका बंदरावर खानावळीच्या अंगणात पाहिलं होतं. कधी म्हणत, वास आवडतो. कधी नुसतेच हसत. खरं कारण मला आजही माहीत नाही.

पावसाळ्यात पानांवर पांढरी भुरी चढली की ते आंबट ताक पाण्यात कालवून फवारायचे. गेल्या थंडीत तर कहर झाला. रोज सकाळी मासळी बाजारातून बर्फाचा चुरा आणून कुंडीत पसरायचे, झाडाला हिवाळा वाटावा म्हणून. वासाने इमारतीतली सगळी मांजरं गच्चीवर सभा भरवायची. "कासमभाई, झाडाला फसवताय तुम्ही," मी चिडवायचे. "फसवत नाय, बाई. समजूत काढतोय," ते म्हणायचे.

त्याच थंडीत मुलीच्या बाळंतपणासाठी दोघं महिनाभर दापोलीला गेले आणि कुंडी माझ्या गळ्यात पडली. मी बर्फसुद्धा आणला हो, नाक दाबून. इतकी वर्षं ते झाड थंडीत अर्धवट हिरवं राहायचं. या वेळी तिसऱ्या आठवड्यात त्याच्या नुसत्या काड्या झाल्या. त्याला पहिल्यांदाच नीट झोप लागली असेल, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटलं, सहा वर्षांची माया मी तीन आठवड्यांत मारली. घाबरून गड्डा उपटला, कोपऱ्यातल्या पालापाचोळ्याच्या ढिगावर फेकला आणि शिरढोणच्या बाजूच्या एका नर्सरीतून कळ्यांनी भरलेला हंगामी फ्लॉक्स आणून लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची!

ते परतले तेव्हा कुंडी गुलाबी फुलांनी भरली होती. कासमभाई वाकले, एक पान दोन बोटांत धरून बघत राहिले... बराच वेळ. मग म्हणाले, "बाई, फुललं की!" संध्याकाळी सगळ्या मजल्यांवरच्या लोकांना गच्चीवर चहाला बोलावलं. "हे बाईंच्या हातचं," असं ज्याला त्याला सांगत होते, आणि मी खाली मान घालून बिस्कीट बुडवत होते.

फसले बिचारे, असं वाटायचं. पण वीतभर झाड आणि कमरेएवढं झाड यातला फरक या माणसाला कळू नये? खाई त्याला खवखवे. रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जायचे, आज सांगूच म्हणत कप रिकामा करून परत यायचे. होळीनंतरच्या उन्हात ती फुलं वाळून गेली. त्यांनी कुंडी धुतली आणि पालथी घातली. सांगायला इतकी सोपी वेळ पुन्हा येणार नव्हती, तीही मी घालवली.

गेल्या आठवड्यात भाभींकडे बसले होते. नवरा गेल्यानंतरची त्यांची इद्दत चालू आहे, घराबाहेर पडत नाहीत. बोलता बोलता मला रडूच फुटलं आणि सगळं सांगून टाकलं. भाभी तसबीच्या मण्यांवरची बोटं थांबवून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "वरती पाण्याच्या टाकीमागे जाऊन बघा. मला तर येता येत नाय."

टाकीमागे तेलाचा पत्र्याचा डबा होता, खाली भोकं पाडलेला. त्यात टाकीच्या झिरपत्या पाण्यावर तगलेला, गुडघ्याएवढा तोच फ्लॉक्स, लांबट पानांचा. मी उपटून फेकलेला.

खाली आले तर भाभी दारातच उभ्या. "दापोलीवरनं आले त्याच दिवशी ढिगातनं गड्डा काढून लावला त्यांनी. मी बोलले, बाईंना सांगा. तर बोलले, बाई स्वतः सांगतील, मग दाखवू. आधी दाखवला तर शरम वाटेल त्यांना." त्यांनी मला आत घेऊन बसवलं. "तुम्ही चहा पिऊन गेलात की रोज मला विचारायचे, आज काय बोलल्या का बाई?"

माझी गंमत बघत होते की मला सांभाळून घेत होते? आणि मग तो चहा, ते कौतुक, ते काय होतं? लाज वाटते, राग येतो, मध्येच हसूही येतं, आणि एकाचाही पत्ता नीट लागत नाही. हल्ली रोज संध्याकाळी मी टाकीमागे जाते आणि त्यांना सगळं पहिल्यापासून सांगते. ऐकून ते काय म्हणाले असते, तेवढं मात्र काही केल्या सुचत नाही.