सरांनी न चाखलेली कोंबडी

पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेल्या कोंबडीत पोषण किती, याचं आमच्या सरांइतकं ज्ञान असलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. आणि गंमत म्हणजे सरांनी जन्मात अंडंसुद्धा चाखलेलं नाही. घर लिंगायतांचं, गळ्यात लिंग, पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. सेलूच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे, तेव्हा आहाराच्या धड्यातलं मांसाहाराचं पान "हे घरी वाचा" म्हणून उलटायचे. निवृत्त झाले आणि नेमके त्याच पानावर येऊन बसले.

याचं कारण सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सरांच्या एकुलत्या एका मुलीनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, आणि जावई निघाला परभणीत तळलेली कोंबडी विकणारा. दुकान दोघं मिळून चालवतात. कढईपाशी ती असते. "माझ्यासाठी ती संपली," असं सर रागाच्या भरात बोलून गेले आणि त्या शब्दात अडकले. काकू तिच्याशी फोनवर बोलतात, तेव्हा सर अंगणात जाऊन उभे राहतात, कान मात्र खिडकीला. घरात पोरीचं नाव घ्यायची सोय उरली नाही, म्हणून सर कोंबडीचं नाव घेऊ लागले. त्यात त्यांनी काळवेळ पाहिली नाही. एका लग्नाच्या पंगतीत शिरा वाढला जात असताना ते शेजाऱ्याला सांगत होते, "कोंबडीत प्रथिनं लय चांगली असतात, पण वरचा पावाचा चुरा तेल पितो. तेल नीट तापलेलं नसलं तर जास्तच पितो." समोर बसलेल्या स्वामींचा घास हातातच राहिला.

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान. माल आणायला मी दर शनिवारी परभणीला जातो. शुक्रवारी संध्याकाळी सर दुकानात येऊन सहज विचारल्यासारखं विचारतात, "उद्या जायलास का? मग जरा ते बगून ये." बघून ये म्हणजे खाऊन ये. रविवारी सकाळी माझी तोंडी परीक्षा. चुरा जाड होता का पातळ? मीठ किती? तेल काळं पडलं होतं का? सरांच्या या संशोधनापायी माझा पट्टा दोन भोकं सरकला आणि बायको सरांच्या नावानं बोटं मोडू लागली. पण मला त्यांना नाही म्हणवत नाही, कारण शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. चष्मा पुसत, माझ्याकडे न बघता ते विचारतात, "तळणारं माणूस कसं हाय? हाताला पोळलंबिळलं नव्हतं ना? न्हाई, तळणाऱ्याची तब्येत बगावी लागती. शास्त्र हाय ते." मी म्हणतो, बरी आहे सर. मग ते उठतात.

सुरुवातीला ही कोंबडी म्हणजे सरांच्या लेखी रोगाचं घर होती. हळूहळू रोग ओसरला. मध्यंतरी एक मास्तर कट्ट्यावर म्हणाले, असलं तळलेलं म्हणजे निव्वळ विष. सर ताडकन उठले. "विष कसं म्हणता तुमी? रोज खाऊ नये, इतकंच. मीठ हाय, चरबी हाय, मान्य. पण प्रथिनं हायत की त्यात. कष्टाचं अन्न हाय ते." एवढं बोलून ते घरी गेले. मला त्यांच्या मागं जायचं धाडस झालं नाही.

गेल्या महिन्यात मात्र मी परीक्षा द्यायला नकार दिला. "सर, मला आता हे झेपंना. तुमीच चला." मला वाटलं चिडतील. शनिवारी बघतो तर इस्त्रीचे कपडे घालून स्टँडवर माझ्या आधी हजर. परभणीत दुकानासमोरच्या फुटपाथवर मात्र पाय रोवून थांबले. "इथूनच दिसतंय," म्हणाले.

तिनं मान वर केली आणि तिला आम्ही दिसलो. हातातला झारा तसाच राहिला. हाक मारली नाही, हसलीही नाही. बापाचा शब्द तिला माहीत होता. तिनं गॅस बंद केला, नवऱ्याला काहीतरी सांगितलं, गिऱ्हाइकांना हात जोडले आणि आत गेली. आली ती कोरी कढई घेऊन, किमतीचा कागद अजून चिकटलेला. तिनं तो नखानं सोलला, कढई दोनदा धुतली, तेलाची नवी पिशवी फोडली आणि बटाटे चिरायला बसली.

मी म्हणालो, "सर, चला की."

सरांचे डोळे त्या कढईवरून हलत नव्हते. "थांब," ते म्हणाले, "तेल तापायला वेळ लागतो."

सेलूच्या दोन गाड्या गेल्या तरी आम्ही तिथंच उभे होतो.