मिशी काढलेली राणी

बोलपट यायच्या आधीची गोष्ट. सोलापुरात गिरणीसमोरच्या हॉटेलात एकजण रोज चहाला यायचा. मुक्या सिनेमात तो राण्यांची कामं करायचा. खरं नाव मला कधीच कळलं नाही, सगळे त्याला ‘राणीसाहेब’ म्हणत. बशी दोन बोटांत नाजूक धरायचा आणि नसलेला पदर सावरून बसायचा.

राणी व्हायचं तर मिशी काढणं आलं, आणि आपल्याकडे मिशी काढतात ती बाप गेल्यावर. त्यामुळे दर सिनेमाच्या वेळी कुणीतरी गहिवरून विचारायचंच, “वडील कवा गेले?”

“गेले न्हाईत. घरी भाकरी हाणत बसल्यात,” तो म्हणायचा. “जिता बाप मारलास” म्हणून म्हाताऱ्यानं मात्र त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

एकदा तो कानापर्यंत टोपी ओढून, ओठ सफाचट करून आला. चहा तसाच निवत राहिला. पदर सावरला नाही.

“आता कुटली राणी?” हॉटेलवाल्यानं विचारलं.

“या खेपेला बाप खरंच गेला.”

हॉटेलवाला पोट धरून हसला. “लई झ्याक! रडायचं काम बी जमाया लागलं की तुला!”