शुक्रवारचा कार्बोरेटर

माघ सरत आला की केळव्याच्या आमच्या अंगणात वाळत घातलेल्या सुपारीचा तुरट वास भरून राहतो. शुक्रवारी त्यात पेट्रोलचा वास मिसळत असे. शुक्रवार ही बोईसरच्या कारखान्यांची सुट्टी. आणि माझे यजमान तिथल्या एका रंगाच्या कारखान्यात असल्यामुळे त्या सकाळी ओटीवर त्यांच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकलचा कार्बोरेटर पूजेच्या उपकरणांसारखा मांडलेला दिसायचा. माझी एक चांगली पितळी वाटी त्या पूजेत कायमची बाटली.

वाटीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेलं असायचं ते जेट, इंजिनाला पेट्रोल ज्यातून जातं ते: बोटाच्या पेराहूनही लहान, आणि त्याला आरपार एक भोक, केसाएवढं. खारा वारा, रस्त्याची धूळ, टाकीतला गाळ, काही ना काही त्यात अडकायचं आणि गाडी बोईसरच्या वाटेवर नेमकी पाम गावाजवळ आचके देऊन उभी राहायची. भोकात तार घालायची नाही, ते मोठं होतं, असा यांचा दंडक. म्हणून ते जेट हे ओठांत धरीत, गाल फुगवून जोरात फुंकीत, आणि मग एक डोळा मिटून ते आभाळासमोर धरीत. पलीकडचा उजेड दिसला की काम झालं. नव्या संसारात, शाळेत शिकवायला निघताना मी ते पाहत दारात रेंगाळत असे. फुंकर घालणारा पुरुष किती निरागस दिसतो, हे मला तेव्हा कळलं. पुढे वर्षं गेली, माझं रेंगाळणं थांबलं, आणि हेही मी निघून गेल्यावरच तो पसारा मांडू लागले.

नव्वदीच्या त्या वर्षांत यांच्या कारखान्यातल्या कदमांनी फोर-स्ट्रोक गाडी घेतली आणि आमच्या घरात दोन गाड्यांची तुलना सुरू झाली. आधी यांनी तिची यथेच्छ टिंगल केली. चालते की झोपते तेच कळत नाय, म्हणाले. मग हळूहळू सूर पालटला. तिला धूर नाही, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला नको, कार्बोरेटर वर्षातून एकदा मेकॅनिककडे नेला की झालं. परदेशात तर कार्बोरेटरच नसलेल्या गाड्या निघाल्यात, पेट्रोल आपोआप फवारलं जातं, असंही कदम एकदा सांगून गेले. त्यावर हे हसले होते. "मंग शुक्रवारी माणसानं करायचं काय?"

मला दोन्ही गाड्यांचा सारखाच वीट आला होता. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे होतं. कामावरून परतल्यावर हे पायरीवरच बसून राहत आणि मी हाक मारली की बोलण्याऐवजी हातानेच 'थांब' म्हणत. पालघरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं की त्या रंगाच्या धुळीतून बाहेर पडा, नाहीतर छाती कायमची जाईल. डॉक्टरांच्या पायऱ्या उतरताउतरता यांनी विषय फोर-स्ट्रोकच्या ॲव्हरेजवर आणला. नवरा बोलत असतो तेव्हा तो काय टाळतोय हे ओळखायला बायकोला फार विद्वत्ता लागत नाही. ते बोलून दाखवायला मात्र अंगात त्राण लागतं, आणि शाळा, स्वयंपाक, सुपारीची राखण यांतून ते माझ्यापाशी उरत नसे.

महाशिवरात्र त्या वर्षी शुक्रवारी आली. शाळेला सुट्टी. देवळाची रांग रस्त्यापर्यंत आलेली पाहून मी अर्ध्या वाटेवरून परतले, तर ओटी रिकामी. हे मागीलदारी, केळींच्या आडोशाला, उकिडवे बसले होते. जेट ओठांत होतं. त्यांनी फुंकर घातली, तशी खोकल्याची उबळ आली आणि ती संपता संपेना. मग त्यांनी शेजारी ठेवलेला सायकलचा पंप सवयीच्या हाताने ओढला, त्याची नळी जेटला लावली आणि दांडा दाबू लागले. म्हणजे हे आजचं नव्हतं.

मी समोर जाऊन बसले. ते दचकले नाहीत. सापडल्याचं त्यांना बरंच वाटलं असावं.

"कदमच्या गाडीला एवढं फुकायला नाय लागत," ते हळूच म्हणाले.

मी जेट त्यांच्या हातातून घेतलं आणि ओठांत धरलं. पेट्रोलची जळजळीत, गुळचट चव जिभेवर पसरली. पहिल्याच फुंकरीला काहीतरी सुटलं. मी एक डोळा मिटून पाहिलं. केळीच्या पानांवरचं सगळं ऊन त्या भोकातून टिकलीएवढं दिसत होतं.

"गाडी हीच राहू दे," मी म्हटलं. "नोकरी सोडा. वाडी आहे, माझी शाळा आहे."

त्यांनी जेट माझ्याकडून परत घेतलं. "वाडीला काय दम लागत नाय?" एवढंच म्हणाले, आणि कार्बोरेटर जोडायला घेतला. मी एकेक स्क्रू पुसून त्यांच्या हातात देत होते.

शनिवारी सकाळी सुपारीवर दव होतं. दमट हवेत नेहमी रुसणारी गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. त्यांनी मागे वळून मान हलवली, शाबासकी दिल्यासारखी, आणि शेजारच्या माहीम गावाच्या रस्त्याला लागले. त्यांना त्या धुळीत घेऊन जाणारी गाडी माझ्या फुंकरीवर चालली होती. आवाज विरेपर्यंत मी दारात उभी होते, आणि ती पामच्या अलीकडेच बंद पडावी असं मला मनापासून वाटत होतं.