मंतरलेलं पाणी

आवळा खाऊन वर पाणी प्यालं की ते गोड लागतं, हे साऱ्या जगाला ठाऊक. बुढापारा मोहल्ल्यातल्या आम्हा पोट्ट्यांना नव्हतं. माझा थोरला भाऊ आधी प्रत्येकाच्या तोंडात आवळा कोंबायचा, मग नळाच्या पाण्यावर डोळे गरगरा फिरवत मंत्र पुटपुटायचा आणि पाणी गोड करून दाखवायचा. मी त्याचा पहिला भक्त.

यंदाच्या हिवाळ्यात दादाच्या जिभेची चवच गेली. तोंडाच्या कॅन्सरसाठी सिकाई, म्हणजे रेडिएशन, झाली होती, तरी गाठ परत आली. भात म्हणजे कागद, वरण म्हणजे कोमट पाणी. तो जेवेना. अंगात ताकद नसेल तर पुढचं औषध देता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ओळखीचे वैद्य म्हणाले, आवळ्यात खारट सोडून पाचही रस असतात, तोंडाला रुची येते, देऊन पाहा. पण पाहा म्हणताना ते खिडकीबाहेर बघत होते.

झालं, शंकर नगरचं घर आवळ्याने भरलं. वहिनीने मोरावळा घातला. मी सदर बाजारातून आवळा सुपारी, चूर्ण, च्यवनप्राश उचलून आणलं. शेजारच्या दीदींनी केस काळेभोर राहतात म्हणून आवळ्याचं तेल दिलं. दादाला टक्कल पडून जमाना झालेला. "भुवयांले लावू का?" त्याने विचारलं.

बाकी सगळं त्याने जिभेला लावून बाजूला सारलं. शेवटी मी ताजा आवळा कापला, वहिनीची शाल खांद्यावर टाकली आणि पेल्यावर डोळे फिरवत त्याचाच मंत्र म्हटला. त्याने फोड तोंडाशी नेली, चेहरा वाकडा केला, घोटभर पाणी प्याला.

"गोड," तो म्हणाला. "एकदम गोड."

वहिनी पदराने डोळे पुसत भात टाकायला धावली. मी प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला आणि वाकल्यावर त्याच्या मुठीतला रुमाल दिसला. त्यात अख्खी फोड. दाताची खूणही नाही.

"आगीसारखं झोंबते रे," दादा हळूच म्हणाला. "बोलू नको. तुयी वहिनी भात टाकून राहिली."

भात आला. दोन घास गेले, तिसऱ्याला त्याने मान फिरवली. उद्या पुन्हा करा भाऊजी, असं वहिनीने बजावलं.

आता रोज दुपारी आमचा प्रयोग असतो. मी शाल घेतो, दादा रुमाल घेतो, आणि वहिनी भात टाकते.