देवीसमोर विमानाचे गाऱ्हाणे

महाडच्या तहसील कार्यालयासमोर बसून लोकांना अर्ज लिहून देणे हा माझा व्यवसाय आहे. माझे शिक्षण नववीपर्यंत अधिकृतपणे व त्यानंतर अनधिकृतपणे झाले. साहेब लोक माझे मसुदे वाचून मान हलवतात. माझ्या सासुरवाडीत मात्र, म्हणजे पोलादपूर तालुक्यात कापड्याजवळच्या वाडीत, माझी ओळख 'कागदवाले भावजी' एवढीच होती. हे मला अनेक वर्षे सलत होते.

अशातच तेथील मुंबईकर मंडळींनी देवीच्या सभामंडपासाठी एक काचेचे कपाट पाठवले. गावातल्या माणसाने स्वहस्ते केलेली एक उत्तम वस्तू त्यात कायमची ठेवावी, असे ठरले. जावयांनाही मुभा होती. त्या कपाटात माझीच वस्तू बसली पाहिजे, असा मी निश्चय केला.

कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीत एक दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर दोघा भावांनी उडवलेल्या जगातल्या पहिल्या विमानाचे चित्र होते. त्याबरहुकूम लाकडी प्रतिकृती करण्याचे मी योजिले. चित्रात विमानाची एकच बाजू दिसत होती. दुसरी बाजू मी साधार अनुमानाने निर्माण केली. सांगाड्यास शिवणीचे लाकूड व बांबूच्या कामट्या वापरल्या, आणि एकावर एक असलेल्या दोन्ही पंखांना माझे जुने धोतर सरसाने चिकटवले. पडवीत महिनोन् महिने भुसा उडत होता. पत्नी भाकरीची परात पदराने झाकून म्हणाली, "अहो, हा मागचा पंखा फिरतो काय? मग निदान माशा तरी हाकला त्यानं."

वैमानिक म्हणून मी एक छोटी लाकडी मूर्तीही बसवली. चित्रातला माणूस पालथा झोपून विमान चालवताना दिसत होता. ही बैठक मला अप्रतिष्ठेची वाटल्यामुळे मी त्यास ताठ बसवून हाती लेखणी दिली.

कपाटासाठी दुसरा दावेदार माझा सख्खा मेहुणा निघाला. मुंबईची नोकरी संपवून तो गावी परतला होता. हिरकणीवाडीहून रायगडावर जाणारा रोपवे पाहून त्याने थर्माकोलचा डोंगर केला होता. बटण दाबले की दोरीवरून आगपेटीएवढी डबी वर निघे व मध्यावर थांबे.

"लाइट गेली असं समजायचं, भावजी," तो म्हणाला. "खऱ्यातबी जाते."

"आमचे विमान थांबत नाही," मी उत्तरलो.

"चालतच नाय, तर थांबंल कसं?"

सभामंडपात निम्मी वाडी हसली. दोन्ही वस्तूंना समसमान पाठिंबा मिळाल्यामुळे देवीचा कौल घ्यावा, असे गावकीने ठरवले. आमच्याकडे गुरव देवीच्या अंगावर ओली फुले लावतो, गाऱ्हाणे घालतो आणि फूल उजवीकडून पडले की होकार समजतात. गाऱ्हाणे ही एक प्रकारची अर्जाचीच कारवाई असल्याने ते मी लिहून वाचावे, असा आग्रह मी धरला. गुरवाचा घसा बसला होता. तो म्हणाला, "वाचा, पण आटोपतं घ्या."

मी नियमास धरून आरंभ केला. "अर्जदार, राहणार महाड, सविनय सादर करतो की..."

"देवीला तलाठी समजलाय काय हा!" मागून एक म्हातारा ओरडला.

मी विचलित झालो नाही. विमानाचा इतिहास, लाकडाची जात, धोतराचा दर्जा आणि प्रतिवादीच्या डबीचे मध्यावर थांबणे हे सर्व मुद्दे क्रमाने मांडले. गुरवाने जांभई दिली. सासूबाई म्हणाल्या, "जावई, देवीला नैवेद्य दाखवायचाय अजून." अखेरीस मी विनंतीच्या परिच्छेदावर आलो. विमान कपाटात ठेवण्याची आज्ञा व्हावी, हे वाचले. फूल हलले नाही. मग सवयीने शेवटचे वाक्य उच्चारले, "अथवा अन्य योग्य तो हुकूम व्हावा."

उजवे फूल टपकन खाली पडले.

"दिला! आईनं कौल दिला!" गुरव बसक्या आवाजात किंचाळला.

"पण कशाला?" मेहुण्याने विचारले.

गावकीचे प्रमुख माझ्याकडे वळले. "अन्य योग्य म्हंजे काय, भावजी? तुम्हीच लिवलंय."

हे वाक्य मी हयातभर प्रत्येक अर्जाच्या तळाशी लिहीत आलो आहे. त्याचा अर्थ मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी चष्मा पुसला. तेवढ्यात सासूबाईच बोलल्या, "अर्थ कसला शोधताय? देवीचे मुखवटे माळ्यावरच्या पेटीत पडलेत, उंदीर फिरतात त्यांच्यावर. कपाट आईला स्वतःला पायजे, एवढं कळत नाय?"

कोणासही कळले नव्हते. आता सर्वांना आधीपासूनच कळलेले होते. मुखवटे धुऊन, पुसून कपाटात बसवण्यात आले. मेहुण्याचा डोंगर त्याच्या ओटीवर रवाना झाला. माझे विमान घेऊन मी निघणार, तोच प्रमुख म्हणाले, "एवढी मेहनत केलीय, आढ्याला टांगा की."

मेहुणाच शिडीवर चढला. वरून त्याने विचारले, "भावजी, तोंड कुठलं याचं? देवीकडं पाठ नको."

या विमानाची शेपटीसारखी दिसणारी पाती पुढच्या अंगास असतात, हे मी स्पष्ट केले. त्यामुळे वाद पेटला. निम्मे म्हणाले, शेपूट तिकडे ती पाठ. निम्मे म्हणाले, पंखा तिकडे ती पाठ. मेहुणा शिडीवर विमान धरून एकदा इकडे, एकदा तिकडे फिरवत राहिला. अखेरीस, कोणतीच पाठ देवीकडे येऊ नये म्हणून, ते आडवे टांगण्याचा ठराव झाला.

खाली उतरून मेहुण्याने हात झटकले व मान वर केली. वाऱ्याने विमान किंचित डुलत होते, आणि आत माझा वैमानिक लेखणी सरसावून ताठ बसला होता.

"दिसतंय बाकी झक्कास," तो म्हणाला. "च्या घेताव का?"

सासुरवाडीत माझ्या कलाकृतीवर नोंदवला गेलेला हा पहिला अनुकूल अभिप्राय होय. मी चहा घेतला.