पाणंदीची तुटक रेघ

कोल्हापुरात, राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. जमिनीची मोजणी करणाऱ्यांसाठी आम्ही नकाशे काढायचं सॉफ्टवेअर बनवतो. त्यातल्या रेघा माझ्याकडे. रेघ किती जाड, तुटक कशी दिसणार, कागदावर कशी उतरणार, हे सगळं मी बघते, आणि त्यात कुणी नाक खुपसलं की माझं डोकं फिरतं.

त्या महिन्यात तर मी हवेतच होते. आमची छपाई पूर्वी अगदी गचाळ यायची. तिरकी रेघ जिन्यासारखी पायऱ्यापायऱ्यांची दिसायची. ती मी सुधारली. स्क्रीनवर चित्र झटकन यावं म्हणून जवळजवळचे बिंदू गाळले जातात. पूर्वी छपाईतही तेच व्हायचं. आता छपाईत मोजणीचा एकही बिंदू गाळायचा नाही, असं मी ठरवलं. रेघा केसासारख्या नाजूक आल्या. त्या आनंदात मी सगळ्या ऑफिसला भेळ खाऊ घातली.

आणि एका दुपारी हातकणंगल्याकडच्या एका गावाहून एक मावशी जिना चढून आल्या. पिशवीतून नकाशाची गुंडाळी डोकावत होती. दारातूनच त्यांनी जय भीम केला, मीही केला, आणि लगेच त्यांनी भांडायला सुरुवात केली.

"ही रेघ तुमी मारली व्हय?"

मावशी निवृत्त नर्स. उभा जन्म गावोगावच्या बाळंतिणींची घरं गाठण्यात गेला. आता स्वतःच्या शेतात दोन खोल्या बांधून राहत होत्या. तिथं जायला एक पाणंद होती, शेतांमधून जाणारी गाडीवाट. गावानं सगळ्या पाणंदींची मोजणी करून घेतली होती आणि नकाशा आमच्या सॉफ्टवेअरमधून निघाला होता. चार दिवसांनी ग्रामसभा. नकाशात दिसतील त्या पाणंदींवर खडी पडणार, बाकीच्यांनी चिखल तुडवायचा.

नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं होतं: तुटक रेघ म्हणजे पाणंद, सलग रेघ म्हणजे बांध. मावशींच्या पाणंदीची रेघ सलग होती.

"शेजारी म्हनतोय, वाटच न्हाय, बांध हाय. म्हंजे मी रोज बांधावरनं उडत घरी जातो काय?"

मी त्यांना स्क्रीन दाखवली. "हे बघा मावशी, तुटकच आहे की."

"मग चावडीत ह्यो टीव्ही नेऊन टांगू?"

मी चिडले. मोजणीवाल्यांची चूक असेल म्हटलं, त्यांच्या प्रिंटरची असेल म्हटलं. शेवटी आमच्याच प्रिंटरवर नकाशा काढला. रेघ सलग! एक फट नाही. माझं तोंड बघण्यासारखं झालं.

"दुरुस्त झाल्याबिगर मी उठत न्हाय," म्हणून मावशींनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी मला दिली. ती खात खात मी बिंदू मोजले. तुटक छापल्या गेलेल्या सरळ पाणंदीला सबंध लांबीत सात-आठ, आणि मावशींच्या वाकड्या पाणंदीला शेकडो. मोजणी करणाऱ्यांना फोन लावला.

"काय करू मॅडम?" ते म्हणाले. "सरळ वाटंला भांडण न्हाय. वाकड्या वाटंला दोन्हीकडचं मालक हजर. एक म्हनतोय हितं काठी टेकवा, दुसरा म्हनतोय मग हितंबी टेकवा. टेकवत गेलो, दर काठीला एक बिंदू."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा प्रोग्रॅम प्रत्येक बिंदूपाशी नव्यानं मोजायला लागायचा: आधी शाई, मग मोकळी जागा. बिंदू इतके जवळ, की मोकळ्या जागेची पाळी यायच्या आतच पुढचा बिंदू यायचा आणि पुन्हा शाई सुरू. जितकं भांडण जास्त, तितकी रेघ सलग. पूर्वी हे बिंदू गाळले जात असल्यानं चूक झाकली गेली होती. मी छपाई सुधारली आणि मावशींची वाट पुसून टाकली.

बिंदू आला तरी नव्यानं मोजायला लागायचं नाही, मागचा हिशेब पुढं न्यायचा, एवढीच दुरुस्ती. संध्याकाळपर्यंत नवा नकाशा हातात होता. मावशींनी रेघेवरून बोट फिरवलं आणि त्या समाधानानं निघाल्या.

ग्रामसभेच्या सकाळी त्यांचा फोन आला. "पोरी, तुला यावं लागतंय. कोल्हापुरास्नं रेघ बदलून आनली म्हनत्यात."

गावासमोर स्वतःची चूक कबूल करायची माझी मुळीच तयारी नव्हती. पण साऱ्या गावाच्या दारी जाऊन आलेल्या बाईला स्वतःच्या दारापर्यंत वाट नसावी, याचा मला संताप आला होता, आणि तो माझ्याच रेघेवर होता. मी स्कूटर काढली.

चावडीत मी उभी राहिले आणि म्हणाले, "चूक माझी आहे. मावशींनी काही बदलून घेतलेलं नाही." वाकड्या रेघेचं काय होतं तेही सांगितलं. वाटच नाही म्हणणारे ते शेजारी उठले. "पयला कागद खरा. ह्यो सांगून काढलेला." त्यांच्या बाजूच्यांनी माना डोलावल्या.

माझं डोकं फिरलं, पण या वेळी कामाचं फिरलं. मी पहिला नकाशा जमिनीवर पसरला. "बरं, हाच खरा धरू. तुमचं घर कुठं ते दाखवा."

त्यांनी ऐटीत बोट ठेवलं. मग ते बोट वाट शोधत सरकलं आणि थांबलं. त्यांचीही पाणंद वाकडी, तिथंही दोन्हीकडून काठ्या टेकवलेल्या. त्यांच्या दारापर्यंत एकही तुटक रेघ नव्हती. इतके दिवस ते फक्त मावशींचीच रेघ बघत होते.

"आता तुमीबी बांधावरच की!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळी चावडी हसली, मीही हसले. शेजाऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, मग पहिल्या कागदाची घडी केली आणि नवा नकाशा आपल्याच हातानं भिंतीवर लावला. पाणंदींच्या यादीत दोघांचीही वाट आली.

मावशी मात्र हसल्या नाहीत. भिंतीजवळ जाऊन त्यांनी आपल्या दोन खोल्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते उचललं नाही. डोळे भरले होते. मग माझ्याकडे वळून, शेजाऱ्यांनाच काय, अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "खडी पडली की जेवायला ये. गाडी पार दारापातूर आन."